फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) नव्याने बघताय? सुरुवातीला एवढंच बघा

स्वागत! सगळे नियम एकदम पाठ करायला जाऊ नका. मैदानावर एका बाजूचे 18 खेळाडू असतात. सगळ्यांवर लक्ष ठेवायला गेलात तर एकही नीट दिसणार नाही.

पहिले काही सामने फक्त रकमन (पंचाने उडवलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा उंच खेळाडू) आणि त्याच्या आसपासचे मिडफिल्डर बघा. मॅक्स गॉनसारखा उंच रकमन उडी मारून चेंडू नुसता ढकलत नाही, धावत येणाऱ्या आपल्या माणसाच्या वाटेत टाकतो. तिथून चेंडू कोण बाहेर काढतं, यावर पुढचा बराच खेळ ठरतो.

नवे लोक दोन ठिकाणी हमखास फसतात.

एक, डिस्पोजल (लाथेने किंवा हाताने चेंडू पुढे देणं) जास्त म्हणजे खेळाडू भारी, असं समजणं. मोकळ्यात मिळालेल्या तीस चेंडूंपेक्षा गर्दीत घुसून काढलेले दहा मला मोठे वाटतात. फुल-बॅकचे (गोलजवळच्या बचावपटूचे) आकडे तर कमीच असणार; समोरच्याला गोल करू न देणं हेच त्याचं काम.

दोन, फॉर्म नुसता निकालावरून ठरवणं. गोलचे 6 गुण, बिहाइंडचा (चेंडू मधल्या खांबांऐवजी बाजूच्या खांबामधून गेला तर) 1. 2008 ची ग्रँड फायनल (लीगचा अंतिम सामना) घ्या. जिलाँग 11 गोल, 23 बिहाइंड: 89. हॉथॉर्न 18 गोल, 7 बिहाइंड: 115. म्हणजे जिलाँगने जास्त वेळा गुण मिळवले, तरी ते हरले. जिलाँगचे बरेच बिहाइंड तर हॉथॉर्नने दबावाखाली, गोल वाचवायला चेंडू स्वतःच मागे ढकलून मुद्दाम दिलेले होते! म्हणून बिहाइंडचा आकडाही वाचत चला.

झोन, प्रेस वगैरे डावपेच सध्या राहू द्या. एक संघ धरा, आणि जमलं तर एमसीजीवर गोलच्या मागे, वरच्या मजल्यावर बसा. टीव्हीवर न दिसणारी पळापळ तिथून छान कळते.