देठ मोडला की लाल रस येतो, मग दोन्ही अळंब्या एकच का?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. ऑक्टोबरमध्ये जंगलात फिरताना छोट्या लालसर तपकिरी अळंब्या दिसल्या, देठ मोडला तर चक्क रक्तासारखा रस आला! काही पडलेल्या ओंडक्यावर झुबक्याने होत्या, काही पाइनच्या सुयांमध्ये सुट्या सुट्या आणि खूपच बारीक. एकच जात आहे का? खातात का?

उत्तर: नाही हो, बहुतेक दोन जाती आहेत, पण एकाच मायसेना वंशातल्या (जीनस). ओंडक्यावरची ती मायसेना हिमॅटोपस, तिकडे तिला बरगंडीड्रॉप बॉनेट म्हणतात, आणि सुयांमधली ती मायसेना सँग्विनोलेंटा म्हणजे ब्लीडिंग बॉनेट. लाल रस दोघींनाही येतो त्यामुळे नुसता रस बघून काहीच ठरत नाही, आणि रंगावर तर अजिबात जाऊ नका, पाऊस पडला की वेगळा आणि ऊन लागलं की वेगळा.

पहिलं बघायचं ते अळंबी कशावर उगवलीये. हिमॅटोपस कुजत्या लाकडावर येते, जास्त करून ओक, बीच अशा रुंद पानांच्या झाडांच्या, सँग्विनोलेंटा पालापाचोळ्यात, शेवाळात, सुयांमध्ये. पण कधीकधी लाकूड मातीखाली गाडलेलं असतं आणि वरून वाटतं जमिनीतूनच आलीये, म्हणून जरा माती बाजूला करून बघाच. मग टोपी उलटी करून भिंग लावा. सँग्विनोलेंटाच्या प्रत्येक गिलच्या (टोपीखालच्या पातळ पापुद्र्याच्या) कडेला गडद लालसर तपकिरी रेघ असते, आखल्यासारखी, माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण. हिमॅटोपसच्या गिल्सच्या कडा सहसा फिक्या असतात, क्वचित लालसर सापडतात, मग टोपीची किनार बघायची, ती गिल्सच्या थोडी बाहेर येते आणि दातेरी असते. आकारानेही कळतं, हिमॅटोपसची टोपी ४ सेंटीमीटरपर्यंत जाते, दुसरीची फार तर दीड आणि देठ दोऱ्याएवढा.

टोपीवर टाचण्यांसारखे बारीक केस उभे दिसले तर ती तिसरी जात समजू नका, ती स्पिनेलस नावाची बुरशी, अळंबीवरच वाढते, हिमॅटोपसवर बऱ्याचदा दिसते आणि फार सुंदर दिसते!

खाण्याचं म्हणाल तर दोन्ही खायच्या नाहीत, मुलं बरोबर असतील तर त्यांनाही आधीच सांगा. बघायला मात्र जरूर जा, हिमॅटोपस अंधारात अगदी मंद चमकते पण, आपल्याकडे भीमाशंकरला पावसाळ्यात रात्री ओली लाकडं हिरवट चमकतात ती पण मायसेनामुळेच असं सांगतात.

आणि एक, जुन्या झालेल्या किंवा सुकलेल्या अळंबीला रस येतच नाही, त्यामुळे ताजी बघून देठ अगदी बुडाशी मोडा. रस पांढरा निघाला तर ती मायसेना गॅलोपस, केशरी निघाला तर मायसेना क्रोकाटा, ही बीचच्या जंगलात बघा.