चालकांच्या मोबाइलमधून अ‍ॅपने डेटा घेतोय, पण खड्डासुद्धा 'जोरात ब्रेक' म्हणून नोंदला जातो. काय करावं?

नुसत्या अ‍ॅक्सिलरोमीटरवर (वेगातला बदल मोजणारा फोनमधला सेन्सर) विसंबलात की हे होणारच. खड्ड्याचा झटका मुख्यतः उभ्या अक्षावर येतो आणि सेकंदाच्या एक-दोन दशांशात संपतो. ब्रेक पुढच्या-मागच्या अक्षावर असतो आणि निदान अर्धा-एक सेकंद टिकतो. पण फोन डॅशबोर्डवर तिरका पडला असेल, तर त्याचे अक्ष गाडीच्या अक्षांशी जुळत नाहीत आणि खड्डाही ब्रेकसारखा दिसतो. म्हणून आधी गुरुत्वाकर्षणावरून 'खाली' कुठे ते ठरवा, मग सरळ रस्त्यावर वेग वाढताना 'पुढे' कुठे ते. फोन जागचा हलला की हे पुन्हा करायचं. होल्डर वापरायला लावलात तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

नोंद सेकंदाला ५० वेळा घ्या, २ ते ५ हर्ट्झच्या वरची जलद कंपनं लो-पास फिल्टरने गाळून टाका. 'जोरात ब्रेक' मानण्याचा उंबरठा ३ मी/से²च्या आसपास ठेवून सुरुवात करा, आणि जीपीएसशी ताडून बघा: सेकंदभर तसा ब्रेक लागला तर वेग ताशी सुमारे ११ किमीने उतरलाच पाहिजे. नाही उतरला, तर तो खड्डा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या भाताण, माडप, कामशेतसारख्या बोगद्यांत जीपीएस तुटतं. तिथल्या नोंदी 'अनिश्चित' म्हणून वेगळ्या काढा.

डेटा मध्येच थांबत असेल तर आधी फोनचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बघा. बॅटरी वाचवायला बऱ्याचदा तीच सोय अ‍ॅपला बंद पाडते.