मनगट मोडलंय, कामट्या बांधू का?

प्रश्न : आई 64 वर्षांची. कापूस वेचताना बांधावरून घसरली, मनगट सुजून वाकडं झालंय. गावातले हाडवैद्य कामट्या बांधतो म्हणतात. अंबाजोगाईला न्यावं का? – एक वाचक, केज तालुका

उत्तर : न्या, आणि आजच. निघण्यापूर्वी बांगड्या काढा. सूज वाढल्यावर त्या कापाव्या लागतात. पुठ्ठ्याचा आधार देऊन हात गळ्यात अडकवा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे.

कामट्यांची भीती अशी, की आत सूज वाढते पण बांधणी सैल होत नाही. रक्तपुरवठा तुटून बोटं कायमची आखडू शकतात.

हाडाचे डॉक्टर म्हणजे ऑपरेशनच, हा समज सोडा. बहुतेकदा भूल देऊन, ओढून हाड बसवतात आणि 5-6 आठवडे प्लॅस्टर. तुकडे सांध्यात शिरले असतील तर प्लेट लागू शकते. आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढाच! हाड याच काळात सरकतं, आणि नेमकी हीच फेरी लोक बुडवतात.

प्लॅस्टरमध्ये बोटं हलवत राहा, हात छातीच्या वर ठेवा. बोटं बधिर, निळसर झाली किंवा सरळ करताना असह्य कळ आली, तर रात्रीच गाठा दवाखाना.

साध्या पडण्याने हाड मोडलंय, तेव्हा हाडांच्या ठिसूळपणाची तपासणीही विचारून घ्या.