हाताने बनवलेली अकूस्टिक गिटार घ्यायचीय, बजेट पन्नास हजार. शिसवी घेऊ की महोगनी? चांगली कशी ओळखायची? राहायला सोलापुरात.

शिसवी की महोगनी ह्यावरनं आमच्या घरात एवढं वाजलंय की आजपण दाजी आणि अण्णा एका पंगतीला बसले तर गिटारचा विषय कुणी काढत नाही. म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

आमचे अण्णा सुतार. सगळं आयुष्य सागवानात गेलं, गिटार कधी हातात धरलेली नव्हती. दाजी पुण्यात असतात, त्यांनी भाच्याला चांगली महागाची गिटार घेतली, दुकानदारानं बिलावर लिहून दिलेलं, हॅन्डमेड, ऑल सॉलिड (म्हणजे प्लाय नाही, सगळं अखंड लाकूड), बॅक आणि साइड शिसवी. उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडं घेऊन आले, भाचा वाजवतोय, सगळे कौतुक करतायत, आणि अण्णांनी ती मागून घेतली, पालथी केली, मागं एक काळपट गाठ होती तिच्यावर अंगठा ठेवला आणि मला मोबाईलची बॅटरी साउंडहोलमध्ये, म्हणजे पुढच्या गोल भोकात, मारायला सांगितली. बाहेर जिथं गाठ, तिथं आतनं फिकट सरळ लाकूड, गाठीचा पत्ताच नाही. मग साउंडहोलच्या कडेवर नख फिरवलं तर पुढची फळीपण तीन थरांची, मधल्या थराच्या रेषा आडव्या. "प्लाय आहे हे, जावईबापू," एवढंच बोलले.

दाजी तापले. "दारं-खिडक्या करणाऱ्याला गिटारमधलं काय कळतंय," असं माझ्यासमोर म्हणाले. अण्णा गप्प बसले पण मला ते लागलं, आणि अजून लागतं.

काय कळतंय म्हणजे? मिरजेची सतार-तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगार, हत्यारं करणारी माणसं. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आणि त्याला लागणारे भोपळे आपल्या पंढरपूरकडनं जातात. लाकूड कधी आटतं, कुठल्या दिशेला आटतं, किती वाळल्यावर हात लावायचा हे ज्याला कळतं त्याला वाद्याचं निम्मं कळलेलं असतं. तर तुम्हाला पहिला सल्ला हाच, अण्णांनी केलं तेच करा. बाहेरची गाठ किंवा रेष आत त्याच जागी दिसली पाहिजे आणि साउंडहोलच्या कडेला वरच्या रेषा खालपर्यंत सरळ उतरलेल्या पाहिजेत. दुकानदार बघू देत नसला तर तिथनं उठा.

दुसरं, दाजींचं म्हणणं होतं की आवाज शिसवीमुळं येतो. नाही येत. आवाज मुख्य येतो पुढच्या फळीतनं, म्हणजे टॉपमधनं, आणि तिच्या आतल्या पट्ट्यांमधनं, ब्रेसिंग म्हणतात त्यातनं. स्पेनमध्ये आंतोनिओ दे तोरेस नावाचा गिटार करणारा होता, त्यानं 1862 मध्ये मुद्दाम एक गिटार केली, टॉप चांगल्या लाकडाचा आणि पाठ-बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. हेच दाखवायला की वाजतं ते टॉप. ती गिटार आजपण बार्सिलोनाच्या म्युझियममध्ये आहे. मी हे दाजींना सांगितलं तर म्हणाले नेटवर काय पण लिहितात. असो. टॉप अडीच-तीन मिलिमीटर जाड असतो आणि स्टीलच्या सहा तारा मिळून त्याच्यावर सत्तर किलोच्या आसपास ताण देतात, एवढा ताण सोसून परत थरथरायचं, खरी कारागिरी तिथं आहे. त्यामुळं टॉप सॉलिड स्प्रूस किंवा सीडर ह्या लाकडाचा बघा, रेषा बारीक आणि सरळ, आणि पैसे तिथं जाऊ द्या.

माझी गिटार मी एका कारागिराकडनं करून घेतली, अण्णांना सोबत नेलं होतं. त्यांनी रेट विचारलाच नाही. पहिलं विचारलं, हे लाकूड किती वर्षं पडून आहे. त्या माणसानं स्प्रूसची फळी दोन बोटांत वरच्या बाजूनं लटकती धरली आणि खाली टकटक केली, सूर घुमला की ओ नुसत्या फळीतनं, अजून गिटार झालेलीपण नव्हती. मग दुसरी धरली, ती मुकी निघाली. अण्णांनी दोन्ही हातात घेऊन बघितल्या आणि पहिलीवर बोट ठेवलं. भिंतीवर हवेतला ओलावा मोजायचं मीटर लावलेलं होतं, त्यावर पंचेचाळीस टक्के. मी सोलापूरचा म्हटल्यावर तो म्हणाला, मग ब्रेसिंग ह्यापेक्षा जास्त ओलाव्यात चिकटवायचंच नाही.

हे आपल्या गावासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पावसाळ्यात दार फुगतं आणि उन्हाळ्यात फट पडते, गिटारचं तेच होतं. कोकणात-गोव्यात भर पावसात चिकटवलेली गिटार एप्रिलमध्ये इथं आली, बेचाळीस डिग्री आणि कोरडी हवा, की लाकूड आडवं आटतं, टॉप खाली बसतो, तारा खडखडतात, फ्रेटची, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन हाताला लागतात आणि शेवटी टॉपला चीर जाते. म्हणून कारागिराला विचाराच, किती ओलाव्यात बांधता. उत्तर आलं नाही तर लाकडाची नावं कितीपण भारी असू देत, घेऊ नका.

घरी केसमध्येच ठेवायची, साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज पिळून ठेवायचा, स्वस्तातलं मीटर घ्यायचं, पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के राहिले की बास. कूलरसमोर ठेवू नका, दुपारी ओली हवा आणि बंद केला की परत कोरडी, त्यानं जास्त वाट लागते.

बाकी वाजवून बघणं तुम्हाला येत असेलच. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतात का ते बघा.

आता तुमच्या प्रश्नाचं, शिसवीत खर्ज जरा जास्त घुमतो, महोगनी मोकळी वाजते, गाऊन साथ करायची असेल तर मी महोगनीच म्हणेन. पन्नास हजारात हाताने केलेली, सगळी सॉलिड आणि वर शिसवी असा हट्ट धरलात तर कारागीर कुठंतरी हात आखडणारच, आणि तो बहुतेक टॉपवर आखडेल. आणि प्लाय वाईट असतं असं मी म्हणत नाहीये, भाच्याची गिटार इथल्या उन्हाळ्यात तसूभर हलली नाही, प्लाय असल्यामुळंच. प्लायला सॉलिड म्हणून विकलं ह्याचा राग आहे, आणि ज्यानं ते ओळखलं त्यालाच गप्प केलं ह्याचा त्याहून जास्त.

ऑर्डर आत्ता दिलीत तर डिलिव्हरी उन्हाळ्यात घेऊ नका, ट्रकमध्ये तापून येईल. जुलै-ऑगस्टनंतर मागवा, नाहीतर स्वतः जाऊन घेऊन या.