मोजपट्टी कुणाच्या हातात आहे, ते आधी लिही

प्रिय मुली,

तुझी कथा वाचली. तिच्यापेक्षा सोबतच्या पत्राने जास्त अस्वस्थ केलं. नात्यातल्या काकांनी कौतुक केलं, ‘आरक्षणवाल्यांना बरी चपराक दिलीस’, आणि तू घाबरलीस. ‘मी समतेच्या विरोधात लिहिलं का, सर?’ असं विचारतेस. तुला तसं लिहायचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तू कुणाला वाचत वाढलीस ते मी पाहिलंय. पण काकांनी विपर्यास केला असंही मी म्हणणार नाही. कथेत तू जागा मोकळी सोडलीस, ते तिथे येऊन बसले.

तुझ्या शहरात सगळ्यांना पन्नासच गुण मिळतात. एक मुलगी शंभर मिळवते, शहर तिच्या मागे लागतं, ती एकटी पहारेकऱ्यांची तुकडी लोळवते आणि चौकात भाषण करते. पानंच्या पानं भाषण! पण पन्नासचा नियम कुणी केला? पेपर कोण तपासतं? तपासणाऱ्याच्या मुलीला किती पडतात? यावर एक ओळ नाही. सगळा दोष ‘समता’ नावाच्या कुणा अदृश्य बाईवर ढकलून तू मोकळी झालीस. मोजपट्टी कुणाच्या हातात आहे ते लिही. बाकीचं नंतर.

कल्पना कमी पडते तिथे इतिहास वाचावा. चीनचा वाच, १९६६ ते १९७६. माओने पुकारलेल्या सांस्कृतिक क्रांतीत विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा बंद पडल्या. पुढे कामगार, शेतकरी, सैनिक यांच्यातून शिफारशीने विद्यार्थी घेऊ लागले. १९७३ मध्ये शिफारशीच्या जोडीला थोडी परीक्षा परत आली, तेव्हा ल्याओनिंग प्रांतातल्या झांग तिएशेंग या तरुणाला भौतिक-रसायनच्या पेपरात ६ गुण पडले. शहरातून खेड्यात पाठवलेला मुलगा, तिथल्या शेतीतुकडीचा प्रमुख. त्याने उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे वरिष्ठांना पत्र लिहिलं. मी शेतावर राबत होतो, अभ्यासाला वेळ मिळाला नाही, आणि आता कामाची फिकीर न करता पुस्तकात डोकं घालून बसलेले पुढे जाणार, अशा आशयाचं. पत्र वर्तमानपत्रात छापून आलं, तो कोऱ्या पेपरचा वीर ठरला आणि त्याला कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. गंमत म्हणजे त्याचे पेपर कोरे नव्हतेच. भाषेत ३८ होते, गणितात ६१. पण वर बसलेल्यांना त्याचे ६१ नको होते, त्यांना ६ हवे होते. त्याच वर्षाच्या शेवटी बीजिंगमध्ये शेकडो प्राध्यापकांना अचानक गोळा करून शाळकरी विषयांचा पेपर सोडवायला बसवलं. बहुतेक नापास झाले. झालं, पुस्तकी शहाणपण कुचकामी असल्याचा पुरावा मिळाला!

आणि हे विसरू नकोस की त्या मुलाचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं. दिवसभर शेतात राबणाऱ्याने अभ्यास करायचा कधी? तक्रार खरी होती, तिचा वापर करणारे दुसरे होते. माओ गेल्यावर वारं फिरलं आणि त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. असं एखादं पात्र तुझ्या कथेत का नाही? पन्नास गुणांचा नियम ज्याला मनापासून आवडतो आणि ज्याच्याजवळ तसं वाटायला कारण आहे, असा एक तरी माणूस हवा.

१९६५ मध्ये चिनी सैन्यातल्या हुद्द्यांच्या खुणा काढून टाकल्या होत्या. सगळे सारखे. फक्त अधिकाऱ्याच्या कोटाला चार खिसे आणि शिपायाच्या कोटाला दोन. तुझ्या नायिकेच्या अख्ख्या भाषणाने जे जमलं नाही, ते हे दोन जास्तीचे खिसे करतात.

आता यू लुओकेचं ऐक. त्या समतेच्या राज्यात माणसाची प्रत बापावरून लागत होती. बाप वीर तर पोरगा मर्द, बाप प्रतिगामी तर पोरगा हरामी, अशा अर्थाच्या घोषणा लाल रक्षकांतली, म्हणजे माओच्या तरुण पाठीराख्यांच्या टोळ्यांतली पोरं देत होती. यूच्या आईवडलांवर ‘उजवे’, म्हणजे पक्षाचे विरोधक, असा शिक्का बसलेला, म्हणून हुशार असूनही कॉलेजचं दार त्याला बंद. तो कारखान्यात उमेदवारी करत होता. जन्मावरून माणसाची लायकी ठरवू नका, असा लेख त्याने लिहिला आणि जानेवारी १९६७ मध्ये तो विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात छापून आला. ५ मार्च १९७० ला बीजिंगच्या कामगार स्टेडियममध्ये प्रचंड जमावासमोर त्याला मृत्युदंड सुनावला आणि गोळी घातली. वय २७. जन्मावरून प्रत लावणं म्हणजे काय, ते आपल्याकडे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. या मुलाने समता नाकारली नव्हती गं, मागितली होती! तो धोकादायक ठरला, कारण माणसं मोजण्याची पट्टी कुणाची, असं त्याने छापील अक्षरांत विचारलं.

एकलव्याचा अंगठा मात्र कथेत आणू नकोस, तो वापरून वापरून गुळगुळीत झालाय. आणायचंच तर तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत का गेल्या ते आठव. तिथे राज्य उघडउघड विषमतेचं होतं आणि भीती हीच होती, पट्टी हातून जाण्याची. म्हणून म्हणतो, नियमाच्या पाटीवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नकोस. पट्टी कुणाच्या हातात आहे ते बघ.

आणि असामान्य माणूस तुकड्या लोळवत नाही. चेन जिंगरुन हा गणिती बीजिंगमध्ये सहा चौरस मीटरच्या खोलीत राहायचा. पुरेशी मोठी कुठलीही सम संख्या घ्या, ती एक मूळ संख्या आणि जास्तीत जास्त दोन मूळ अवयव असलेली दुसरी संख्या यांची बेरीज असते, हे त्याने सिद्ध केलं. निष्कर्ष १९६६ मध्ये जाहीर झाला, पूर्ण सिद्धता १९७३ मध्ये छापली गेली, आणि मधल्या काळात त्याचा छळ झाला. अशा निरुपद्रवी माणसाचं कुणाला काय भय? एवढंच, की सिद्धता बरोबर की चूक हे ठरवायला कम्युनिस्ट पक्षाची समिती लागत नाही. पट्टी तिच्या हातून सुटते. तुझी नायिका शंभर गुण मिळवते यात कुणालाच धोका नाही. ते शंभर आहेत हे तपासनीसाला न विचारता तिला कळतं, तिथे खरा धोका सुरू होतो. हा प्रसंग तू लिहिलेलाच नाहीस.

माझा सूर चढलाय, कळतंय मला. त्याला कारण आहे. तरुणपणी आमचं एक अभ्यासमंडळ होतं. नाव सांगत नाही. लेखाखाली कुणी नाव टाकायचं नाही, असं ठरलं. ते मला पटलं होतं, आजही पटतं. मग ठरलं, प्रत्येकाने दोनच पानं लिहायची, विषय कुठलाही असो. मी तेव्हा हमालांच्या मजुरीवर लिहीत होतो. मुकादम कुठे आणि किती कापतो, याचे कागद त्या माणसांनी विश्वासाने माझ्या हाती दिले होते. दोन पानांत ते मावेना. त्याच अंकात चिटणीसांचं संपादकीय आठ पानांचं होतं. मी ते बैठकीत बोलून दाखवलं आणि ‘व्यक्तिवादी’ ठरलो. बाहेर पडलो. लोक अजून म्हणतात, अहंकार नडला. असेल. पण आठ पानांवर बोट ठेवणाऱ्यालाच अहंकारी का म्हणायचं, ती लिहिणाऱ्याला का नाही? सलतं ते वेगळंच. रागाच्या भरात मी ते कागद दुसरीकडे कुठे छापलेच नाहीत. त्या माणसांचं मंडळाशी भांडण नव्हतं.

असो. २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं संविधान सभेतलं भाषण तू वाचलेलं आहेस, पुन्हा वाच. समतेवाचून स्वातंत्र्य असेल तर मूठभरांची सत्ता येते, आणि स्वातंत्र्यावाचून समता असेल तर माणसाची स्वतःची उमेद मरते, ही दोन्ही वाक्यं तिथे शेजारी शेजारी आहेत. आपल्याला सोयीचं तेवढं एक उचलायची सवय. त्याच भाषणात राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असंही बजावलंय. तुझ्या कथेच्या शेवटी चौकातली गर्दी कुणाच्या नावाने जयजयकार करते? मग पट्टी आता तुझ्या नायिकेच्याच हातात गेली की! हे लिहिताना ध्यानात नाही आलं?

काकांचा मुद्दा मात्र चटकन निकालात काढता येतो. आरक्षण कुणाचे शंभर कापून पन्नास करत नाही, पिढ्यान्पिढ्या बाहेर ठेवलेल्यांना ते आत घेतं. आणि परीक्षा परत आली की न्याय आला, असंही दाखवू नकोस. १९७७ च्या हिवाळ्यात चीनमध्ये प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख जण बसले आणि २ लाख ७० हजारांच्या आसपास घेतले गेले. इतक्या वर्षांच्या उलथापालथीत कुणाच्या घरी पुस्तकं टिकली होती आणि कुणाच्या नाही, याचा हिशेब प्रश्नपत्रिकेत नसतो.

तेव्हा भाषण काढ. तपासनीसाला घर दे, बायको दे, परीक्षेला बसलेली मुलगी दे, आणि तिचा पेपर त्याच्याच गठ्ठ्यात येऊ दे. नायिकेला त्या रात्री त्याच्यासमोर बसव. दोघांपैकी कुणालाही भाषण करू देऊ नकोस. दिवाळी अंकाची मुदत जवळ आली असली तरी घाई नको, संपादक थांबतात. आणि या वेळी पानांवर क्रमांक घाल, मागच्या वेळी जुळवताना माझी संध्याकाळ गेली.

तुझा,
सर