कोरडवाहू शेतीचा पहिला हंगाम

वडिलोपार्जित जमीन स्वतः कसण्याचा तुमचा निर्णय चांगला आहे. मात्र पहिल्या वर्षी नवा ट्रॅक्टर किंवा शेडनेट यांचा मोह टाळा, कारण आजचा शेतकरी तंत्राच्या अभावापेक्षा तंत्रासाठी काढलेल्या कर्जानेच अधिक अडतो, असे माझे मत आहे.

पेरणीची घाई ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक होय. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय सोयाबीन किंवा कपाशी पेरू नका. शेजाऱ्याची तिफण चालू झाली म्हणून आपणही पेरले आणि पावसाने खंड दिला, तर दुबार पेरणीत बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च पुन्हा अंगावर पडतो. घरचे सोयाबीन वापरणार असाल, तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासा. सत्तरहून कमी दाणे उगवले, तर ते पेरू नये.

आणखी तीन गोष्टी सांभाळा :

- कृषी केंद्रातून उधारीवर माल घेऊ नका. उधारी असली की कोणते औषध फवारायचे हे दुकानदार ठरवतो. विकतच्या बियाण्याची पावती आणि पिशवी जपून ठेवा.
- पीकविमा उतरवा आणि गारपिटीसारखे नुकसान त्यात येत असेल, तर ते ७२ तासांच्या आत कळवा.
- कपाशीची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडे राखून घेतलेले पुढचे पीक, घेऊ नका. बोंडअळीला तोंड देण्यासाठी तयार केलेल्या बीटी वाणांवरही गुलाबी बोंडअळी येते.

ठिबक आणि फळबाग यांविषयी एक हंगाम पदरी पडल्यावर बोलू.