भाचीला पुण्याला बोलावणारा ‘दादा’: आधी काय करावं

तेरा वर्षांच्या भाचीनं तुम्हाला विश्वासानं सांगितलं, की इन्स्टाग्रामवरचा एक ‘दादा’ तिला रिचार्ज मारून देतो, त्यानं फोटो मागून घेतलेत आणि आता शूटिंगचं काम देतो म्हणून घरी न सांगता पुण्याला बोलावतोय. बहीण म्हणते, पुरावा कुठे आहे, आणि बदनामी होईल ती वेगळीच.

पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे गुन्हा घडेल अशी शंका असली तरी पोलिसांना कळवायचं असतं. हद्दीचं कारण देऊन परत पाठवू लागले तर ‘झिरो एफआयआर’, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार, घ्या म्हणा. तिचं तिकीट आलं असेल तर आत्ताच ११२ लावा. एरवी मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर दिवसरात्र चालू असतो.

भाचीशी बोलताना मात्र फार जपा. ‘फोटो का पाठवलेस?’ हा प्रश्न तोंडातून जाऊ देऊ नका. आधी कौतुक, मग भेटवस्तू, मग ‘हे आपल्या दोघांतच’, मग फोटो आणि शेवटी धमकी, ही या लोकांची ठरलेली वाट मी या कामात पुन्हा पुन्हा पाहिली आहे. चूक आपलीच, असं पोरीला वाटत राहतं, त्यावरच त्यांचं सगळं चालतं. फोन हिसकावलात तर मैत्रिणीच्या फोनवरून ती त्याच्याकडेच जाईल. ‘सांगितलंस ते फार बरं केलंस, आता आम्ही बघतो,’ एवढं म्हणा. खोदून विचारू नका.

चॅट पुसू नका, त्याला ब्लॉकही लगेच करू नका; खात्याचं नाव, नंबर, पैसे आल्याची नोंद तशीच राहू द्या. तिचे फोटो मात्र कुणालाही, अगदी घरातल्या ग्रुपवरही पाठवायचे नाहीत, तो स्वतंत्र गुन्हा होतो. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत फोटो अपलोड न करता त्याचा डिजिटल ठसा नोंदवता येतो, म्हणजे त्या सेवेशी जोडलेल्या कंपन्यांना तो ओळखून काढता येतो.

बहिणीला सांगा, मुलीची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे. जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाविना, आणि तिच्या विश्वासाचं माणूस शेजारी. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. तिथे तिच्यासाठी सहायक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि कोर्टात तिला मदत करणारं माणूस, मागून घ्या, खटला संपेपर्यंत ती सोबत राहते.